चंदरची दुनळी

चंदर बंदूक घेणार म्हटल्यावर घरात कोणीच दचकलं नाही. दचकणं आधीच उरकलं होतं, परवान्याच्या चौकशीसाठी पोलीस आले होते त्या दिवशी. वेसाव्याच्या कोळीवाड्यात दारात पोलीस आला की आधी चहा टाकतात आणि मग कोणाकडे आलात ते विचारतात. त्या दिवशी चहामागून तळलेले बोंबीलही बाहेर गेले, आणि बशी रिकामी होईस्तोवर हवालदारांचं चंदरच्या चारित्र्याविषयी उत्तम मत झालं होतं. परवाना यथावकाश आला.

परवाना खेळासाठीचा होता. यंत्राने हवेत भिरकावलेल्या मातीच्या तबकड्या छऱ्यांच्या बंदुकीने फोडायच्या, असा तो खेळ. चंदरच्या आईला, अंजनाबाईंना, तो काही केल्या पटेना. त्यांचा सगळा जन्म मासळी बाजारात टोपलीमागे गेलेला.

“फुटली की मिळतं काय?” त्यांनी विचारलं.

“काही नाही, आये. फुटते.”

“म्हंजे येवढं लांब जायचं, मारायचं, आणि घरी रिकाम्या हातानं यायचं.” असा धंदा त्यांनी आजवर पाहिला नव्हता. तरीही त्यांनी हरकत घेतली नाही, कारण पोराच्या हातून काहीतरी घडतंय हीच मोठी गोष्ट होती.

चंदरच्या हातांबद्दल वेसाव्यात एकमत होतं. ते हात कुठल्याच कामाचे नव्हते. त्यांच्यातून कप निसटत, चेंडू सुटत, अक्षर तर असं की शाळेत मास्तर त्याचा पेपर उलटा धरून वाचून बघत. थोरल्या भावाने, दशरथने, एकदा त्याला होडीवर नेलं आणि पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, फेकायला दिला. पाग पाण्यात गेला, पाठोपाठ चंदरही गेला. लग्नात मंगळसूत्राची कडी त्याला लावता येईना, तेव्हा वऱ्हाडाचं हसू आवरत नाही हे बघून नमिताने हात मागे नेऊन स्वतःच ती अडकवली. होडी दशरथकडे गेली आणि चंदर अंधेरीच्या एका माल वाहतूक कंपनीत नोकरीला लागला. तिथे काही पकडायचं नव्हतं, फक्त बोलायचं होतं, आणि बोलण्यात चंदरचा हात धरणारा कोणी नव्हता.

मग ऑफिसची सहल वसईच्या पुढे एका शूटिंग क्लबवर गेली. डावा डोळा गच्च मिटून चंदरने क्लबची बंदूक चालवली आणि तबकडी फुटली. दुसरीही फुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या हातांसाठी वाजलेल्या टाळ्या त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्या, आणि तो त्या खेळाचा झाला.

सभासद झाल्यावर नवशिक्यांसाठी पहिला तास असतो, तो चंदरने घेतला नाही. त्या तासाला फार प्राथमिक गोष्टी शिकवतात असं त्याच्या कानावर आलं होतं, आणि त्याने तोवर इंटरनेटवरचे एकूण एक व्हिडिओ पाहिलेले होते. वर्षभरात तो ऑफिसच्या कँटीनमध्ये इतरांना शिकवायला लागला. “पहिली बंदूक घेताना लोक नक्षी बघतात,” तो चहा ढवळत सांगे. “नक्षी बघायची नाही. नळ्या शेजारी-शेजारी नकोत, वरखाली हव्यात, म्हणजे नजर एका रेघेत जाते. आणि बंदूक अंगाला बसली पाहिजे. बूट आणि बंदूक दुसऱ्याच्या मापाची चालत नाही.” ऐकणाऱ्यांपैकी कोणाला बंदूक घ्यायची नव्हती, पण चहाचे पैसे चंदर देत असल्यामुळे वर्ग भरलेला असे.

खरेदीला तो एकटा जाणार होता. पण कोळ्याच्या घरात होडी येवो, इंजीन येवो की जाळं येवो, बाईमाणसाने बघितल्याशिवाय येत नाही. तिजोरीची किल्ली तिच्या कमरेला असते. त्यामुळे शनिवारी रतनशेठच्या अंधेरीतल्या बंदुकांच्या दुकानात चंदर पुढे, अंजनाबाई त्याच्या मागे आणि सगळ्यात मागे शाळेतून परस्पर आलेली नमिता, अशी वरात शिरली. नमिता पालिकेच्या शाळेत गणित शिकवायची. नवऱ्याच्या उत्साहाकडे ती कच्चं गणित तपासावं तसं शांतपणे बघे.

रतनशेठने काउंटरवर हिरवं कापड अंथरलं आणि बंदुका मांडल्या. पहिलीवर उडती बदकं कोरली होती. चंदरने तिच्याकडे बघितलंही नाही. दुसरी हलकी होती. “हलकी बंदूक खांदा फोडते,” चंदर म्हणाला आणि ती बाजूला सरकवली. तिसरी साधी होती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, काळ्याभोर नळ्या, नक्षीच्या नावाने एक रेघसुद्धा नाही. एका जुन्या नेमबाजाने डोळे अधू झाल्यावर ती विकायला ठेवलेली. चंदर तिच्याकडे बघत राहिला आणि त्याचं बोलणं थांबलं. वर्षभरात हे पहिल्यांदाच घडत होतं, म्हणून नमिता समजली की हीच.

“दोन-दोन नळ्या कशाला?” अंजनाबाईंनी विचारलं.

“पहिला बार चुकला तर दुसरा असतो, आये.”

“मंग पयलाच नीट मार ना.”

त्यांनी बंदूक उघडून घेतली, नळ्या उजेडाकडे धरायला लावून आरपार बघितलं, लाकडावरून अंगठा फिरवला. कल्ला उचलून मासा ताजा आहे का बघावा, तसं सगळं रीतसर झालं. मग त्या भाव करायला लागल्या. रतनशेठने आधी शेवटचा भाव सांगितला होता, नंतर अगदी शेवटचा सांगितला, आणि त्यानंतर त्याच्याही खाली येऊन पेटी आणि साफ करायची सळई फुकटात दिली. हे कसं झालं ते त्याला पुढे कोणालाही नीट सांगता आलं नाही.

“घ्या, खांद्याला लावून बघा,” रतनशेठ म्हणाला. बंदूक रिकामी असल्याची त्याने पुन्हा एकदा खात्री केली होती.

चंदरने हात पुढे केले. डावा हात मुठीवर गेला आणि दस्ता डाव्या खांद्याकडे निघाला. अंजनाबाई तेव्हा नमिताशी पेटीच्या कडीबद्दल बोलत होत्या. बोलणं न थांबवता आणि तिकडे न बघता त्यांनी चंदरच्या डाव्या मनगटावर हलकी चापट मारली, माशी हाकलतात तशी. चंदरनेही न बघता हात बदलले आणि बंदूक उजव्या खांद्याला लावली. मायलेकांपैकी कोणालाच काही घडल्याचं जाणवलं नाही.

रतनशेठला मात्र जाणवलं. “साहेब, डावखुरे आहात का? मग ही नाही चालणार. हिचा दस्ता उजव्या बाजूला जरासा वळवलेला आहे, बघा. मुठीचा फुगवटापण उजव्या तळव्याचाच आहे.”

“छे,” चंदर म्हणाला.

“उजवाच हाय तो,” अंजनाबाई म्हणाल्या.

दोघांच्या सुरात इतका ठामपणा होता की रतनशेठने मुकाट्याने कागदपत्रं करायला घेतली.

नवी होडी पहिल्यांदा पाण्यात जाते तेव्हा सगळं घर किनाऱ्यावर असतं. बंदुकीलाही तोच मान मिळाला. रविवारी दशरथच्या टेम्पोतून घरची माणसं क्लबवर उतरली. नारळ फुटला, दस्त्यावर जाणारं कुंकू चंदरने कसंबसं पेटीवर वळवलं, आणि अंजनाबाई पेढ्यांचा खोका मांडीवर घेऊन बसल्या. पहिली तबकडी फुटली की सगळ्या क्लबला वाटायचे, असं ठरलं होतं.

चंदरने त्या दिवसासाठी आणखी एक गोष्ट राखून ठेवली होती. खरा नेमबाज दोन्ही डोळे उघडे ठेवतो, हे त्याने ऐकलं होतं. उसन्या बंदुकीला एक डोळा पुरतो, स्वतःच्या बंदुकीला दोन्ही हवेत, असं म्हणून त्याने डोळे टक्क उघडले, गाल दस्त्याला टेकवला आणि तबकडी सोडायची आज्ञा दिली, “पुल!”

तबकडी उडाली. बार झाला. तबकडी सुखरूप पुढे गेली. दुसरा बार झाला आणि तबकडी आणखी पुढे गेली. अख्ख्या फेरीत एकही फुटली नाही. मध्येच दशरथने “फुटली, फुटली” म्हणून टाळ्या वाजवल्या, पण ती दगडावर पडून फुटली होती.

अंजनाबाईंनी खोक्याची दोरी पुन्हा आवळली. “लागल्याशिवाय पेढा नाय,” त्या म्हणाल्या. सोमवारी ते पेढे घरातच वाटले गेले. सगळ्यांनी खाल्ले, पण तोंड गोड झालं असं कोणी म्हणालं नाही.

पुढच्या रविवारी चंदरने काडतुसं बदलली. त्याच्या पुढच्या रविवारी टी-शर्ट सैल आहे म्हणून बदलला. मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. त्यांनी नजर उत्तम असल्याचं सांगितलं, तेव्हा चंदरला वाईट वाटलं. शेवटी बंदूकच वाकडी असणार म्हणून त्याने ती रतनशेठसमोर ठेवली. रतनशेठने ती रेंजवर नेली, टेकूवर ठेवून कागदावर बार काढले, आणि छऱ्यांचा झुबका बरोबर मधोमध दाखवला. “बंदुकीचं काही चुकत नाही, साहेब,” तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाचा मान ठेवून वाक्य तिथेच सोडलं. घरी अंजनाबाईंनी पेटीवरून मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. घरभर ठसका उठला, शेजारची माणसं खोकत बाहेर आली, आणि रविवारी तबकड्या पूर्वीसारख्याच ठणठणीत राहिल्या. दर रविवारी पेढे मात्र नवे येत. दशरथचं पोट पुढे दिसायला लागलं होतं.

“विकून टाक यार,” दशरथ पेढा चघळत म्हणाला. “तुज्या हाताचं तुला ठाऊक नाय का?”

 संध्याकाळी ओट्यावर बसून चंदर समुद्राकडे बघत राहिला. नमिता चहा घेऊन आली. त्याने कप दोन्ही हातांनी धरला, सांडू नये म्हणून. लहानपणापासून तो असाच धरायचा.

“नमिता, ही एकच गोष्ट येत होती गं मला,” तो म्हणाला. “एकच. बाकी सगळ्यात मी हसू करून घेतलं, ते चाललं. हे गेलं तर मग काय राहिलं?”

नमिताला नवऱ्याच्या बढाया सहज पेलायच्या, हे मात्र तिला पेलेना. पण ती रडणाऱ्यांतली नव्हती. “माझ्या वर्गात पोरगं अपूर्णांकात अडकलं ना, की मी अपूर्णांक शिकवतच नाही,” ती म्हणाली. “पाढे शिकवले त्या दिवशी कुठे होतास, ते विचारते. तू कुठला तास बुडवलास?”

चंदरने चहाचा घोट घेतला. “पहिला.”

“मग जा, बस त्या तासाला.”

तो तास चेतना मॅडम घ्यायच्या. एके काळी राज्याच्या संघातून खेळलेल्या, आता केस पांढरे झालेल्या बाई. चंदर नवशिक्यांच्या रांगेत उभा राहिला तेव्हा त्यांनी त्याला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. मागे बाकावर दशरथ आणि नमिता बसली होती आणि शेजारी अंजनाबाई, मांडीवर खोका घेऊन. रविवार होता, त्यामुळे खोका येणारच होता.

“दोन्ही हात पुढे करा,” चेतना मॅडम म्हणाल्या. “दोन्ही तळवे जुळवून मध्ये एवढीशी फट ठेवा आणि तिच्यातून माझ्या नाकाकडे बघा. दोन्ही डोळे उघडे ठेवून.”

चंदरने बघितलं. त्या फटीतून मॅडमना त्याचा एकच डोळा दिसत होता. त्यांनी त्याला हात खाली घेऊन पुन्हा करायला सांगितलं, मग आणखी एकदा. नंतर त्यांनी खिशातून एक रिकामं काडतूस काढलं आणि काही न सांगता त्याच्याकडे फेकलं.

चंदरने ते झेललं.

बाकावर नमिता उभी राहिली. तिच्या माहितीत चंदरने झेललेली ही पहिली वस्तू होती. चंदरही आपल्या मुठीकडे बघत होता. ती डावी होती.

“तुमचा मालक डोळा, म्हणजे नेम धरणारा, डावा आहे,” चेतना मॅडम म्हणाल्या. “आणि बंदूक लावताय उजव्या खांद्याला. आधी डावा डोळा मिटून मारत होता, म्हणून लागत होतं. आता दोन्ही उघडे ठेवलेत, तर मालकाने ताबा घेतला. तुमचा प्रत्येक बार तबकडीच्या डावीकडून जातोय. मुळात तुम्ही डावखुरे आहात.”

“मी?” चंदर म्हणाला. “नाही हो मॅडम. आईला विचारा.”

“डावराच होता,” बाकावरून अंजनाबाई म्हणाल्या. “मी सरळ केला.”

त्यांच्या आवाजात केलेल्या कामाचं समाधान होतं. चार वर्षांचा असताना पोर सगळं डाव्या हाताने करायचं. त्यांनी त्या हाताला फडकं बांधलं. जेवताना बांधलं, पाटी पुढ्यात आली की बांधलं. एकदाही मारलं नाही. रोज थोडं थोडं करत पोराला वळण लावलं, आणि शाळेत जाईपर्यंत पोर उजवं झालं. आळीतल्या बायका त्यांना विचारायला यायच्या, कसं केलंस गं.

चंदरला कप आठवले. चेंडू आठवले, पेपर उलटा धरणारे मास्तर आठवले, मंगळसूत्राची कडी आठवली. पाग घेऊन तो होडीवर उभा होता आणि सगळे हसायच्या तयारीत होते, तेही आठवलं. 

“आये, सांगायचं तरी.”

“काय सांगायचं? पंगतीत डाव्या हातानं जेवायला बसलास की लोकं हसायची. तुला कोण हसू नये म्हणून केलं.”

“मग जन्मभर हसले की गं.”

  भावात कधी न हटलेल्या अंजनाबाई खोक्याची दोरी उगीचच सोडून पुन्हा बांधत बसल्या.

चेतना मॅडमनी क्लबची एक सरळ दस्त्याची बंदूक आणली आणि चंदरच्या डाव्या खांद्याला लावली. बाहेरून काही कळत नव्हतं, पण त्याला आतून वाटलं की कोणीतरी उलटा घातलेला शर्ट सरळ करून दिला. तबकडी उडाली आणि तिचा धूर झाला. पुढचीही तशीच गेली, तिच्या पुढचीही. नमिता शाळेतली शिस्त विसरून ओरडली. दशरथने खोक्याकडे हात नेला, तोच अंजनाबाईंनी तो मागे ओढला.

“ती क्लबची बंदूक. पेढा आपल्या बंदुकीचा.”

आणि आपली बंदूक तर उजव्या माणसाची होती. दुसऱ्या दिवशी दुकानात रतनशेठ म्हणाला, परत घ्यायची तर पुन्हा पोलिसांची परवानगी, पुन्हा चौकशी, पुन्हा वर्ष. मुठीचा फुगवटा तासता येईल. दस्ताही कढत तेल पाजून, शिकंज्यात धरून डावीकडे वळवता येतो. पण लाकूड जुनं आहे, तडकलं तर तडकलं. चंदरने त्या अक्रोडावरून हात फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः निवडलेली वस्तू, आणि ती मोडायची की दुसऱ्याची म्हणून सांभाळायची, एवढंच त्याच्या हातात होतं. त्याचा सगळा ठामपणा गळून गेला. “राहू दे,” तो म्हणाला.

“राहू दे काय?” अंजनाबाईंनी स्टूल पुढे ओढलं आणि ठाण मांडलं. “जितं पोर वळवलं मी. ह्ये तर लाकूड हाय.” मग त्या रतनशेठकडे वळल्या. “तेल तापव. आन् घाई करायची नाय. रोज थोडं थोडं. ओढायचं नाय, त्याला कळूच द्यायचं नाय की वळवतोय.”

पुढे त्या रोज बाजार आटोपून अंधेरीला जात. रतनशेठ तेल पाजून शिकंजा जरासा आवळी, त्या दस्त्याला हात लावून बघत आणि म्हणत, “बास, आज येवढंच.” दुकानात मासळीचा वास भरून राही. पहिल्या दिवशी रतनशेठने उदबत्ती लावली होती, नंतर सोडून दिली, कारण एवढ्या सावकाशीने दस्ता वळवणारं माणूस त्याने पाहिलं नव्हतं. लाकूड तडकलं नाही. रविवारपर्यंत ते डावीकडे झालं होतं.

रविवारी क्लबवर टेम्पोतून सगळी पुन्हा उतरली. चंदरने स्वतःची बंदूक स्वतःच्या खांद्याला लावली. दोन्ही डोळे उघडे होते. “पुल!” तो म्हणाला, आणि पहिल्याच बाराला तबकडीचा भुगा झाला. दुसरी नळी लागलीच नाही. दशरथने शिट्टी मारली आणि पहिल्यांदाच खोक्याकडे न बघता भावाकडे बघितलं.

अंजनाबाईंनी दोरी सोडली. सगळ्यांच्या आधी त्यांनी लेकासमोर पेढा धरला. चंदरने बंदूक उघडून स्टँडवर ठेवली होती. आता लपवायचं काही नव्हतं, म्हणून त्याने ऐटीत डावा हात पुढे केला.

पेढा हलला नाही.

“बंदूक तुजी,” अंजनाबाई म्हणाल्या. “पेढा देवाचा.”

चेतना मॅडम, नमिता, दशरथ, अख्खा क्लब बघत होता. चंदरने डावा हात मागे घेतला आणि उजवा पुढे केला. अंजनाबाईंनी त्यात पेढा ठेवला, आणि तो बोटांमधून सुटून गवतात पडला.

कोणी हसलं नाही. लोक हळूच दुसरीकडे बघायला लागले. अंजनाबाई गुडघ्यावर हात देऊन वाकल्या, त्यांनी पेढा उचलला, त्यावरची काडी फुंकून टाकली. मग त्यांनी इकडेतिकडे नजर टाकली.

“कोण बघत नाय ना?” असं पुटपुटत त्यांनी तो पेढा त्याच्या डाव्या हातात ठेवला, आणि वर आपल्या हाताने त्याची मूठ मिटली.